बासिलियाच्या तोंडातला जेट

या वेळी गाडीचा जेट खिंडीत न बदलता घरीच, अंगणात उन्हाला बसून बदलावा, असं मी ठरवलं. एवढंच ठरवलं. यात काही बिघडेल असं कुणालाही वाटलं नसतं. (मला वाटायला हवं होतं. उभा जन्म मी गाडीच्या स्टिअरिंगमागे काढला आहे. पण म्हातारपणी ऊन फार गोड लागतं.)

जेट म्हणजे कार्बुरेटरमधलं पितळेचं एक बोंड, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. त्याला मधोमध भोक असतं आणि त्या भोकातून इंजिन पेट्रोल पितं. वर आमच्या एल आल्तोला, डोंगरमाथ्यावरच्या शहरात, हवा पातळ, म्हणून भोक बारीक लागतं. खाली युंगासमध्ये, केळी नि कॉफीच्या मुलखात, हवा दाट. तिथे भोक मोठं लागतं. नव्या गाड्या हे सगळं आपलं आपण बघून घेतात. माझी गाडी जुनी आहे. पाठ गोल, इंजिन मागच्या बाजूला, आणि आमच्याकडे तिला कासवच म्हणतात. कासवाला हातानं भरवावं लागतं.

युंगासमध्ये उतरायचं तर आधी खिंडीपर्यंत चढावं लागतं, आणि खिंड तर एल आल्तोहूनही उंच. म्हणून जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर बारीक जेटवर खिंड चढतात, माथ्यावर थांबतात, पाचामामाला म्हणजे धरणीमातेला दारूचे चार थेंब देतात, चारी चाकांवर थोडी शिंपडतात, आणि मग त्या वाऱ्यात कुडकुडत जेट बदलतात. तो वारा बोटं नुसती गार करत नाही. बोटं आपली नाहीतच असं वाटायला लावतो.

माझी बायको बासिलिया खालची, युंगासमधल्या चिरिमायो गावची. लग्नानंतर पहिल्यांदा तिला माहेरी घेऊन निघालो, तेव्हा खिंडीत माझ्या बधिर बोटांतून जेट सुटला आणि खडीत गेला. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून खडी चाळत राहिलो, पण जेट काही मिळाला नाही. खाली उतरायला मोठा जेट होता, पण परत येताना वर चढायचं कसं? तेव्हा तिनं मोठा जेट हातात घेऊन उजेडात धरला. ती घागरे शिवायची, सुईत दोरा ओवायची तिला सवय. म्हणाली, "भोक मोठं आहे ना? मग त्यात काहीतरी ओव." परतीच्या वाटेवर हॉर्नच्या वायरीतली केसासारखी बारीक एक तार उपटून तिनं ती जेटमध्ये ओवली, दोन्ही टोकं मुडपली, आणि आम्ही खिंड चढून घरी आलो. घरी आल्यावर मी नवा बारीक जेट आणला, आणि तार तिनंच काढली.

त्यानंतर मात्र तिनं माझ्या बोटांवर कधी विश्वास ठेवला नाही. दर वेळी खिंडीत ती माझ्या शेजारी उकिडवी बसायची आणि तोंड उघडायची. काढलेला जेट मी तिच्या जिभेवर ठेवायचा, दुसरा बसवायचा. मधे काही विचारलं तर "हं" म्हणजे हो आणि "हंहं" म्हणजे मूर्खा. आमच्या संसारातली सगळ्यात शांत वेळ ती. मग ती थुंकून जेट हातावर घ्यायची, कपाळावर आलेले केस मागे सारायची, आणि नाकावर काजळीचा एक पट्टा ओढून घ्यायची. चिरिमायोत पोचेपर्यंत तो पट्टा तिच्या नाकावर असायचा. मी कधी सांगितलं नाही. मला तो आवडायचा. (मुका घ्यायची आमच्यात फार रीत नव्हती. पण घेतलाच तर त्याला पेट्रोलची चव असायची.)

वरची हवा तिला कधीच मानवली नाही. मग रक्त दाट झालं, ओठ निळे पडायला लागले. डॉक्टर म्हणाले, खाली न्या. आम्ही सामान बांधायला घेतलं होतं. भांडी बांधून झाली होती, बिछाना राहिला होता. गाडीचा जेट बदलता येतो. माणसाचा कुठे असतो, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तिला चिरिमायोतच पुरलं. तिनंच सांगून ठेवलं होतं. म्हणाली होती, "निदान आडवी पडून तरी नीट श्वास घेईन."

आता या प्रवासाचं कारण सांगतो. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी, दुपारी बाराच्या घंटेला, गेलेली माणसं परत येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला निघून जातात. आम्ही त्यांच्यासाठी टेबल मांडतो. त्यावर त्यांच्या आवडीचं खाणं, उतरायला पावाची शिडी, ओझं न्यायला पावाचा घोडा, आणि मधोमध पावाची बाहुली, तिला रंगवलेला चेहरा. आत्मा येऊन त्या बाहुलीत बसतो. हे तीन वर्षं करायचं. तिसऱ्या वर्षानंतर त्याला बोलवायचं नसतं, तो मोकळा होतो.

हे बासिलियाचं तिसरं वर्ष होतं. टेबल चिरिमायोत तिच्या भावाकडे, तेओदोरोकडे, मांडलं होतं. पण बाहुली माझ्याकडे. तिची धाकटी बहीण साबिना एल आल्तोला पाव भाजते, आणि ताईची बाहुली दुसऱ्या कुणाच्या भट्टीत जाऊ द्यायची नाही, असा तिचा हट्ट. घंटा वाजायच्या आत बाहुली टेबलावर पोचली नाही, तर बासिलिया एवढ्या लांबून येणार, तिला बसायला जागा नसणार, आणि पुढच्या वर्षी परत या म्हणायचीही सोय नाही. दोन वर्षं आम्ही बसनं गेलो होतो. या वर्षी मी म्हटलं, शेवटचा निरोप आहे, कासवातूनच जाऊ. तिला त्या गाडीची ओळख आहे.

तर, सकाळी अंगणात मी मागचं झाकण उघडलं. विचार सरळ होता. खिंडीत माझ्या शेजारी तोंड उघडून बसायला आता कुणी नाही. बोटं पूर्वीपेक्षा वाईट. त्यापेक्षा मोठा जेट इथेच बसवावा, चढ तेवढा कसातरी रेटावा. बारीक जेट काढला आणि सवयीनं हात बाजूला केला. तिथे तोंड नव्हतं.

मग मी माझंच तोंड वापरलं.

पेट्रोलची चव आली. ती चव मला ओळखीची होती, दुसऱ्या बाजूनं. डोळ्यांत पाणी आलं. (थोडं पेट्रोलमुळेही असेल.) मी मोठा जेट बसवला, स्क्रू आवळला, तेवढ्यात साबिना पावाची टोपली घेऊन आत आली. तिनं माझे डोळे बघितले.

"दाजी, रडताय?"

मी "नाही" म्हणालो. नाही म्हणताना जीभ वर जाते. जेट मागे गेला.

माझी मान हलली, डोळे मोठे झाले, हात गळ्याशी गेला. साबिनानं टोपली खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"असं गिळू नका, दाजी. दोन वर्षं गिळताय. बाहेर येऊ द्या."

मलाही तेच वाटत होतं. पण तो खाली गेला होता. खरं सांगावं तर तिनं पाव भाजून रात्र काढलेली, डोळे लाल, आणि मी सांगणार काय, की तुझ्या ताईचा जेट माझ्या पोटात आहे? मी मान खाली घातली. तिनं माझे खांदे धरले. शेजारीण दारातून बघत होती, तिनं डोळे पुसले. एवढी सहानुभूती मला बासिलियाच्या मयतालाही मिळाली नव्हती.

कासव सुरू झालं. अंगणातच त्यानं काळा धूर सोडला. साबिना डोक्यावर गोल टोपी, अंगावर सणाचे घागरे, मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली बाहुली घेऊन पुढे बसली. मागच्या सीटवर शिडी आणि घोडा. आधी खालच्या शहराचा उतार होता, तेवढं ठीक झालं. चढ लागला तसं इंजिन खोकायला लागलं. पातळ हवेत मोठ्या भोकातून पेट्रोल गेलं की इंजिनाचं तोंड भरून येतं, त्याला गिळता येत नाही. (मला आलं होतं. इंजिन माझ्याहून शहाणं.)

पहिल्या गिअरवर आम्ही माणसाच्या चालीनं चढत होतो. काही माणसं आमच्या पुढे गेली. एक लाकडाचा ट्रक शेजारून गेला, त्याच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, ताता, स्वयंपाक चाललाय का, आम्हालाही वाढा. मी हात हलवून त्याला पुढे जायची खूण केली. साबिना मात्र वेगळ्याच विचारात होती. तिनं मागच्या रिकाम्या सीटकडे वळून बघितलं आणि मग हळूच मला सांगितलं की ताई मागे बसली आहे. तिला जायचं नाही. तिसरं वर्ष ना, म्हणून जड झाली आहे.

मग तिनं ताईची समजूत घालायला सुरुवात केली. आधी गोडीनं. तेओदोरोच्या बायकोनं तिच्यासाठी भुईमुगाचं सूप केलंय, केळी तळली आहेत, असं सगळं सांगितलं. गाडी आणखी मंदावली तशी ती चिडली.

"ताई, तू आत्मा आहेस. तुला चालायला काय होतं? उतर आणि पुढे हो, आम्ही येतो मागून."

मी आरशात बघितलं. खोटं का बोलू, बघितलं. मला ठाऊक होतं की दोष जेटचा आहे. तरी बघितलं. सीटवर फक्त पावाचा घोडा होता.

खिंड थोडी राहिली असताना कासव एक मोठा उसासा टाकून उभं राहिलं. सूर्य बराच वर आला होता. मी मागचं झाकण उघडलं, प्लग काढले. काजळीनं भरले होते. पुसले, परत बसवले, माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. साबिना बाहुली घेऊन माझ्या डोक्यावर उभी राहून वेळ जातोय म्हणत होती. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, तिची टोपी उडाली, टोपीला धरायला तिनं हात उचलला आणि बाहुली निसटली. मी झेप घेतली. या वयात मी कशासाठीही झेप घेत नाही. पण बाहुली मी झेलली, दोन्ही हातांनी, जमिनीच्या वीतभर वर.

साबिना टोपी पकडून आली, तिनं बाहुलीकडे बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"दाजी, शेवटच्या वर्षी ताईचं तोंड काळं केलंत."

मी बघितलं. माझ्या अंगठ्याचा पट्टा बाहुलीच्या नाकावर उमटला होता. आडवा, डावीकडे थोडा वर गेलेला. साबिना शालीच्या टोकाला थुंकी लावून पुसायला लागली, तर मी तिचा हात धरला. तिनं माझ्याकडे बघितलं. मला काही बोलता येत नव्हतं, आणि या वेळी पोटातल्या जेटचा त्यात काही संबंध नव्हता.

"राहू दे," मी म्हणालो. "चिरिमायोला येताना ती नेहमी अशीच यायची."

साबिनानं हात मागे घेतला. वारा होता. मग, बाहुलीच्या त्या नाकाकडे बघता बघता, मला तार आठवली.

हॉर्नची वायर तोडली, त्यातली एक तार उपटली, मोठ्या जेटमध्ये ओवली. हातातला जेट साबिनाला तोंडात धरायला सांगावासा वाटला, पण सांगितलं नाही. कासव सुरू झालं. धूर काळ्याचा करडा झाला. आम्ही खिंडीच्या माथ्यावर पोचलो, मी घाईघाईनं पाचामामाला चार थेंब दिले, चाकांवर शिंपडले, एक घोट स्वतः घेतला (जेटला सोबत म्हणून), आणि उतरायला लागलो.

आता आमच्याकडे हॉर्न नव्हता. त्या उतारावर वळणं अशी आहेत की समोरून कोण येतंय ते तो अंगावर आल्यावरच कळतं, आणि हॉर्नशिवाय तिथे कुणी वळत नाही. साबिना म्हणाली, तुम्ही चालवा, हॉर्न मी होते. तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, आणि प्रत्येक वळणाला दरीत ऐकू जाईल असा आवाज दिला, "वाट द्या, मयताची गाडी." पाव विकून विकून तिचा गळा तयार झालेला. ट्रक थांबले. एका बसच्या ड्रायव्हरनं टोपी काढली, आतल्या बायकांनी छातीवर क्रूस केला. मग त्यांना खिडकीत नाकाला काजळी लावलेली पावाची बाहुली दिसली, तेव्हा त्यांचे चेहरे कसे झाले ते मला बघता आलं नाही, कारण मी रस्त्याकडे बघत होतो.

ढगातून खाली आलो. ऊब आली, झाडं आली. साबिनानं एकेक शाल उतरवायला सुरुवात केली. मला वाटलं, जमलं.

तार ओवणं मला आठवलं होतं. खाली आल्यावर ती काढायची असते हे नाही आठवलं. तार काढणं हे बासिलियाचं काम होतं. दाट हवेत आता पेट्रोल कमी पडायला लागलं, इंजिन तापलं, आतून खडखड आवाज सुरू झाला. चिरिमायोच्या आधी एक लहानसा चढ आहे. त्या चढाच्या पायथ्याशी कासव थांबलं, आणि या वेळी उसासाही न टाकता थांबलं. वर चर्चचा मनोरा दिसत होता. माणसं घंटेच्या दोरीजवळ जमलेली दिसत होती.

इंजिन निववून, जेट काढून, तार काढून परत बसवायला वेळ नव्हता. साबिनानं शिडी खांद्यावर टाकली, घोडा काखेत मारला. मी बाहुली उराशी धरली आणि आम्ही पळत सुटलो.

मी पळालो, हे मला सांगायचं आहे. एल आल्तोला मी दोन पायऱ्या चढलो की कठड्याला धरतो. इथे पळताना हवा आपण होऊन छातीत येत होती. मागावी लागत नव्हती. ओली, केळीच्या पानांचा वास असलेली, भरपूर हवा. मला वाटलं, ही हवा सोडून ती माझ्याबरोबर वर आली होती, आणि परत कधी जायचं असं तिनं फारसं विचारलंही नव्हतं. मी बाहुलीला आणखी घट्ट धरलं. (बाहुलीचा एक हात त्यात मोडला. तो नंतर तेओदोरोनं खाल्ला.)

घंटेचा पहिला ठोका पडला तेव्हा मी तेओदोरोच्या अंगणात होतो. दुसऱ्या ठोक्याला दारात. बाहुली टेबलावर टेकवली आणि घंटा थांबली.

सगळे गप्प झाले. आता आत्मा येणार. तो बहुतेक माशी होऊन येतो, म्हणून सगळे टेबलाकडे बघत बसतात. भुईमुगाचं सूप होतं, तळलेली केळी होती, कॉफी होती. आणि खरंच एक माशी आली. सुपावर फिरली, बसली नाही. केळ्यावर बसली नाही. बाहुलीच्या नाकावर क्षणभर टेकली. मग उडाली आणि सरळ येऊन माझ्या पोटावर बसली, सदऱ्याच्या तिसऱ्या बटणाखाली, आणि तिथून हलेना.

तेओदोरोची बायको कुजबुजली की ताई जेवायचं सोडून ताता सेनोबियोच्या, म्हणजे माझ्या, पोटावर का बसली. साबिना म्हणाली, जीव होता त्यांच्यावर. सगळ्यांचे डोळे भरून आले.

आता मला राहवेना. बासिलियासमोर मी कधी खोटं बोललेलो नाही, म्हणजे पकडला गेल्याशिवाय राहिलेलो नाही.

"ती जेट शोधतेय," मी म्हणालो. "सकाळी गिळला मी."

साबिना माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर एकामागून एक सगळं येऊन गेलं: अंगणातला माझा गळा, तिनं फिरवलेला हात, घाटात मागच्या सीटला दिलेल्या शिव्या. मग ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. तेओदोरो लागला, त्याची बायको लागली, आणि प्रार्थना म्हणायला आलेली माणसंही प्रार्थना विसरून हसायला लागली. माशी तेवढी गंभीर होती. मला वाटलं, "हंहं" म्हणतेय.

दुसऱ्या दिवशी बाराला आम्ही कबरीवर गेलो. लोकांनी पाव वाटले, दारू शिंपडली, एकानं बासरी वाजवली. सगळे मागे सरले तेव्हा मी खाली वाकून तिला म्हणालो, "बासिलिया, तू हो पुढे. मी जेट सापडला की येतो."

मग घंटा झाली आणि ती गेली. हे कळतं. कसं ते सांगता येत नाही, पण शेजारची जागा रिकामी होते.

साबिना बसनं परत गेली. मी राहिलो. इथल्या नर्सबाईंनी सांगितलं की एवढीशी वस्तू दोन-चार दिवसांत आपण होऊन बाहेर पडते, फक्त लक्ष ठेवा. त्याला आता महिने झाले, कॉफीची फळं लाल झाली आहेत आणि मी अजून तेओदोरोच्या ओसरीत झोपतो. रोज संध्याकाळी कबरीवर जातो, तिथे बसून श्वास घेतो. लोक विचारतात, ताता, जेट मिळाला का? मी नाही म्हणतो. ते खरंच आहे. (मी बघितलंच नाही, हे कुणाला सांगू नका.)

खिंड मी तारेवर चढलो होतो हे साबिनाला ठाऊक आहे, म्हणून ती तार मी पहिल्याच दिवशी नदीत टाकली. आता वर जायला साधन नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि सगळे माना डोलवत होते.

काल बसच्या ड्रायव्हरबरोबर साबिनाचा निरोप आला. दाजींना सांगा, हॉर्नच्या वायरीत एकच तार नसते. वर येताना माझ्यासाठी केळ्यांचा घड बरोबर घ्या. आणि हॉर्न व्हायला मी येते आहे, फुकट नाही.